ठेचा झोंबायला लागला, तर आधी तोंड बघा

या वेळचं पत्र कोपरखैरण्याहून आलंय. ताईंनी नाव छापू नका म्हटलंय. त्यांचं पत्र थोडं आटोपशीर करून देते:

«डॉक्टरताई, आम्ही मूळचे जावळी तालुक्यातले. हे भाजी मार्केटला माथाडी आहेत, रात्री दोनला घर सोडतात. दिवसाला दोन पुड्या तंबाखू लागते. गेल्या गणपतीत बारा दिवस सोडली होती. मग पितृपक्षात गावी गेले, भावकीत बसले आणि परत सुरू. सासूबाई सकाळ-संध्याकाळ मिशरी (भाजलेल्या तंबाखूची भुकटी) लावतात, मधे चहा झाला की परत एकदा. दोघांचीही तब्येत नरमच असते. मी मोबाईलवर बघून वहीत दिनचर्या लिहिली आहे: गरम पाणी, जिऱ्याचं पाणी, दहा हजार पावलं, सूर्यनमस्कार, रात्री हळदीचं दूध. कुणी मनावर घेत नाही. मुलगा आठवीत आहे. त्याचं तसं काही नाही, शाळेबाहेर मिळते ती गोड सुपारी खातो एवढंच. हल्ली तिखट मात्र अजिबात खात नाही, पूर्वी ठेच्यावर तुटून पडायचा. एका अर्थी बरंच झालं. तर मी सुरुवात कुठून करू?»

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या चार ओळींवर थांबले, आणि म्हणून हे उत्तर बाकीच्या पत्रांच्या आधी देतेय. तुम्ही मुलाला शेवटी ठेवलंत. मी त्याच्यापासून सुरुवात करते.

गोड सुपारी खाणाऱ्या पोराला अचानक ठेचा झोंबायला लागला, तर ते बरं झालं असं समजू नका. सुपारीने तोंडाच्या आतलं अस्तर हळूहळू आवळत जातं. डॉक्टरी भाषेत त्याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. त्याची सुरुवात बहुतेक वेळा अशीच होते: तिखट सोसत नाही, चहा गरम लागतो, गालाच्या आत आग होते. पुढे गाल आतून पांढरट आणि कडक होतात, आणि तोंड उघडणं कमी कमी होत जातं. माझ्या ठाण्याच्या दवाखान्यात पंचविशीही न गाठलेला एक मुलगा आला होता. दात दुखतो म्हणून आला. खुर्चीत बसवून «आ कर» म्हटलं, तर माझा आरसा आत जाईना. विचारलं, कधीपासून असं? तो म्हणाला, «मॅडम, पाणीपुरी फोडून खातो ना मी, वर्ष झालं.» अख्खी पुरी तोंडात जात नव्हती आणि त्यात त्याला आजार दिसलाच नव्हता. त्यानेही शाळेतच सुपारी सुरू केली होती.

तेव्हा आज रात्री जेवायच्या आधी एवढं करा. पोराला समोर बसवा आणि त्याची स्वतःचीच तीन बोटं, अंगठ्याशेजारची तिन्ही, एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. बोटं त्याचीच हवीत, तुमची नकोत. तीन बोटं आरामात गेली तर चांगलं. दोनच जात असतील, किंवा तिसरं घालताना गाल ताणून दुखत असतील, तर पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. मग खिडकीच्या उजेडात गाल आतून बघा, जीभ पूर्ण बाहेर काढायला सांगा, शिट्टी वाजवता येते का, फुगा फुगवता येतो का ते बघा. हे सगळं हसत-खेळत करा. «बघू तुझं तोंड केवढं उघडतं» म्हटलं की मुलं उलट चढाओढ लावतात. बाबांनाही त्याच वेळी बसवा. दोघांची एकदम तपासणी होईल आणि कुणालाच आरोपीसारखं वाटणार नाही.

तिखट झोंबण्याचं कारण दर वेळी हेच असतं असं नाही. तोंड आलेलं असेल, अंगात रक्त कमी असेल, जीवनसत्त्वं कमी पडत असतील. पण सुपारी खाणाऱ्या मुलाच्या बाबतीत अंदाज बांधत बसू नये, दाखवून मोकळं व्हावं. वाशीला महापालिकेचं रुग्णालय आहे. नेरूळला दंत महाविद्यालयं आहेत, तिथल्या ओपीडीत केसपेपर काढला की तोंड नीट तपासून मिळतं. आजार लवकर सापडला तर तोंड उघडण्याचे व्यायाम आणि औषधं यांनी पुष्कळ फरक पडतो. पण आत एकदा घट्ट झालेला पट्टा पूर्वीसारखा मऊ होत नाही, म्हणून सुपारी बंद करणं हेच पहिलं औषध. नुसत्या सुपारीने, तंबाखू नसली तरी, कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच प्रसिद्ध केलंय. «साधी सुपारीच आहे» असं आता कुणी म्हणू नये, पानाच्या तबकातही नाही.

मारू नका त्याला. आठवीतलं पोर मार खाऊन फक्त पाकिटं लपवायला शिकतं. घरात बाबांचा तंबाखूचा बार आणि आजीची मिशरी बघत तो मोठा झालाय, त्याने गोड पाकीट घेतलं तर त्यात त्याचा एकट्याचा दोष कितीसा? शाळेबाहेरच्या टपरीशी एकट्याने भांडायलाही जाऊ नका. वर्गातल्या तीन-चार आया मिळून मुख्याध्यापकांना भेटा. राज्यात गुटखा आणि पानमसाल्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे, आणि मुलाच्या हातात तंबाखूचा माल देणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एवढं सगळं एका अर्जात लिहून चार सह्या केल्या की टपरीवाला बरणी आत घेतो.

आता तुमच्या यजमानांकडे येते. इथे मला जास्त सांगायचंय, कारण तुम्ही वहीत दिनचर्या एका पानावर लिहिलीत आणि तंबाखू दुसऱ्या पानावर. मला त्या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. रात्री दोनला उठून, रिकाम्या पोटी, अर्धवट झोपेत, गाडी खाली करायला जाणाऱ्या माणसाच्या अंगात तंबाखू काय काय काम करते ते बघा. ती भूक मारते, झोप उडवते, जुलाबाच्या गोळीसारखी सकाळी पोट साफ करते, आणि चार माणसांत बसायला निमित्त देते. एका चिमटीत ही चार कामं होतात. नुसतं «सोडा» म्हटलं की ही चारही कामं उघडी पडतात, आणि तिसऱ्या दिवशी माणूस परत पुडी फोडतो. म्हणून त्या प्रत्येक कामाला आधी दुसरा माणूस नेमायला हवा.

पहिले चार दिवस काही सोडायचं नाही, फक्त मोजायचं. पुडीलाच कागदाचा चिटोरा आणि पेन्सिलीचा तुकडा रबराने बांधून द्या. बार भरला की वेळ टाकायची. बस्स. चार दिवसांनी तो चिटोरा उलगडून दोघं बसा. तुम्हाला दिसेल की वीसातले बारा बार ठरलेल्या वेळचे आहेत: उठल्यावर, संडासला जाताना, पहिली गाडी लागायच्या आधी, चहानंतर, जेवणानंतर, आडवं होताना. बाकीचे हाताला सवय आहे म्हणून भरलेले. ते आठ तर नुसते लिहायच्या कंटाळ्यानेही कमी होतात, हे मी पुष्कळांच्या बाबतीत बघितलंय.

सगळ्यात आधी बंद करायचा तो झोपतानाचा. बार दाढेखाली धरून झोपणारे बरेच असतात, तुमचे हे झोपत असतील तर त्याला एक दिवसही मुदत देऊ नका. जागेपणी माणूस थुंकतो, गुळणी करतो, बाजू बदलतो. झोपेत तो गोळा एकाच जागी तासन्‌तास भिजत राहतो. चुन्याने कातडी आधीच सोललेली असते आणि त्या चुन्यामुळेच तंबाखूतलं निकोटिन भराभर रक्तात उतरतं. तीच जागा वर्षानुवर्षं. पुढे पांढरा किंवा लाल चट्टा उठतो तो बहुतेक तिथेच.

मग उठल्यावरचा. तुमच्या यादीतलं गरम पाणी इथे कामाला येतं! पोट साफ होण्यासाठी तंबाखू लागते असं जवळपास प्रत्येक जण मला सांगतो, आणि ते खोटं नाही, निकोटिनने आतडी हलतात. सोडल्यावर पहिले दोन-तीन आठवडे कोठा धरतो. त्यासाठी उठल्याबरोबर दोन भांडी कोमट पाणी, जेवणात भाकरी, पालेभाजी, रोज एक पेरू किंवा केळं. पेरू तर ते मार्केटमधूनच आणतील. जिऱ्याचं पाणी घातलंत तरी चालेल, नाही घातलंत तरी चालेल.

गाडी लागायच्या आधीचा बार सगळ्यात अवघड. «वजन उचलायला ताकद येते» हे वाक्य त्यांच्या तोंडी असणारच. निकोटिनने हृदय जोरात चालतं, रक्तदाब चढतो, अंगात काहीतरी भरल्यासारखं वाटतं. पण पाठीवर पोतं घेणाऱ्याला रिकाम्या पोटी हृदयाचे ठोके वाढवून काय मिळणार? त्याला खायला हवं. रात्री दोनला गरम जेवण कोण करणार, म्हणून संध्याकाळच्याच दोन दशम्या फडक्यात बांधून द्या, आणि खिशात शेंगदाणे-गुळाची पुडी. तंबाखूची पुडी ज्या खिशात असते त्याच खिशात. हात आपोआप तिथेच जातो, तिथे दुसरं काही सापडलं पाहिजे. चघळायला भाजलेली बडीशेप, ओवा, एखादी लवंग, किंवा घरची आवळा सुपारी. ती नावालाच सुपारी, असतो तो आवळाच. खरी सुपारी मात्र बदली म्हणून द्यायची नाही. तंबाखू सोडून सुपारीला लागलेले पेशंट मला दर महिन्याला दिसतात.

एवढी तयारी झाली की तारीख धरा. तोंडावर गावची यात्रा किंवा लग्न असेल तर धरू नका. ठरलेल्या दिवशी पुडी, चुन्याची डबी, सदऱ्याच्या खिशातला चुरा, सगळं घराबाहेर गेलं पाहिजे. पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट असतात: डोकं दुखतं, हात थरथरतात, क्षुल्लक गोष्टीवरून आवाज चढतो. ते तुमच्यावर ओरडतील. त्या तीन दिवसांत गॅस सिलेंडरचा, मुलाच्या फीचा, दिराच्या उसन्या पैशांचा विषय काढू नका, एवढं माझ्यासाठी करा. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरतं. तल्लफ येते ती पाच-दहा मिनिटांची. तेवढा वेळ घोट घोट पाणी प्यायचं, जागा बदलायची, एक फेरी मारून यायची. ती लाट निघून जाते, आणि पुढची जरा लहान असते.

दिवसाला दोन पुड्या म्हणजे सवय पक्की आहे. नुसत्या निर्धारावर जमलं नाही तर कमीपणा मानू नये. निकोटिनचा च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतो. फक्त तो साध्या च्युइंगमसारखा कचाकचा चघळायचा नसतो. हळू चावायचा, जिभेला तिखट झिणझिण्या आल्या की गालात ठेवून द्यायचा, झिणझिण्या गेल्या की परत चावायचा. तंबाखू दाढेखाली धरायची सवय असलेल्यांना ते पटकन जमतं. च्युइंगमच्या आधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असताना चहा नको, चहाने त्याचा गुण येत नाही. किती आणि किती दिवस ते डॉक्टरांना विचारून ठरवा, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय सुरूच करू नका. आणि त्यांच्या पुडीवर एक नंबर छापलेला आहे, १८००-११-२३५६. तो सोडायला मदत करणारा सरकारी नंबर आहे, फोन फुकट लागतो.

गेल्या गणपतीतल्या बारा दिवसांना तुम्ही हार म्हणत असाल. मी नाही म्हणणार. सगळ्यात कठीण टप्पा तर त्यांनी ओलांडला होता! घात झाला तो भावकीत, पुढे आलेल्या तळहाताने. मळलेली, दोन थापा मारून झटकलेली तंबाखू कुणी समोर धरली की नाही म्हणणं म्हणजे त्या माणसालाच नाही म्हटल्यासारखं वाटतं. «सोडली» म्हटलं की चेष्टा सुरू होते. «डॉक्टरांनी बंद केलीय, तोंडात जखम आहे» म्हटलं की चारही हात मागे जातात. हे वाक्य त्यांना आधीच पाठ करून द्या. आणि एखाद्या दिवशी पाय घसरलाच, तर तो एक बार झाला. दुसऱ्या दिवशी परत सुरू.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण आठवड्यातून एखाद्या दिवशी दारू होत असेल तर तीही याच हिशोबात धरा. तंबाखू आणि दारू एकत्र आली की तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका नुसती बेरीज केल्यासारखा वाढत नाही, त्याहून पुष्कळ जास्त वाढतो. शिवाय दोन पेग झाले की सोडलेली पुडी पहिली आठवते.

सासूबाईंचं सांगते. माझी आजी मिशरी लावायची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, घरभर ठसका, आम्ही पोरं अंगणात पळायचो, आणि मग ती पितळी डबीत भरून ठेवायची. दुपारी ओसरीवर बसून बोट त्या काळ्या भुकटीत बुडवून हिरड्यांवरून फिरवताना तिच्या चेहऱ्यावर जी शांतता यायची, ती मला अजून आठवते. दिवसभरात तेवढाच वेळ तिचा स्वतःचा होता. म्हणून सासूबाईंची डबी एकदम फेकू नका. आधी विचारा, दाढ दुखते का? मिशरी हिरडी बधिर करते, आणि बऱ्याच बायकांनी ती दातदुखीसाठीच धरलेली असते. दुखणारी दाढ भरली किंवा काढली की निम्मं कारण संपतं. मग फ्लोराइडच्या पेस्टने सकाळ-रात्र मऊ ब्रश, चहानंतरच्या मिशरीच्या जागी बडीशेप, आणि संध्याकाळची शेवटी. सहा महिने लागले तरी चालतील. दंतमंजनात तंबाखू घालायला देशात १९९२ पासून बंदी आहे, पण तव्यावर भाजलेलीला कायदा पोचत नाही, तिथे सुनेलाच पोचावं लागतं. त्यातही तुम्ही सांगण्याऐवजी नातवाने सांगितलेलं त्यांना जास्त लागेल. आणि मिशरी घरात भाजायची नाही, हे मात्र आजपासूनच. घरात कुणी गरोदर असेल तर दुप्पट काळजी: मिशरी लावणाऱ्या बाईचं बाळ कमी वजनाचं होण्याची भीती असते.

तुमचं घर जगावेगळं नाही, ताई. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या दर चार प्रौढ माणसांमागे जवळपास एक जण तोंडात धरायची तंबाखू कुठल्या ना कुठल्या रूपात वापरत होता. तेव्हा लाजून घरी बसू नका. तिशीपुढच्या माणसांची तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते, रक्तदाब आणि साखरेची तपासणीही तिथेच. तिघांना घेऊन जा आणि स्वतःचीही करून घ्या. तोंडातला फोड किंवा चट्टा तीन आठवड्यांत गेला नाही, गिळताना अडकलं, विनाकारण दात हलला, तर मलमं लावत बसायचं नाही. तुकडा काढून तपासायला सांगितला तर घाबरून परत फिरायचं नाही. टाटाचं कर्करोग केंद्र खारघरलाही आहे, दर वेळी परळ गाठावं लागत नाही.

वहीतली दहा हजार पावलं तूर्त खोडून टाका. रात्रभर पोती वाहणाऱ्या माणसाला पावलं मोजायला सांगणं त्याच्या श्रमाचा अपमान आहे. त्यापेक्षा सकाळी ते आले की खिडकीला जाड पडदा, टीव्ही बंद, आणि सलग सहा-सात तास झोप. झोप पुरली की तंबाखूचं एक काम आपोआप संपतं. चालायला तुम्ही आणि मुलगा जा, संध्याकाळी जेवणानंतर अर्धा तास. बोलायलाही तेवढाच वेळ मिळेल. हळदीचं दूध आवडत असेल तर प्या.

आणि उद्या मला लिहा, पोराची किती बोटं गेली ते. दोन किंवा तीन, एवढं एका ओळीत कळवलंत तरी चालेल.